रॅलीच्या गाडीत ट्रिपमीटर बसवताना : चाकापासून घड्याळापर्यंत

टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) रॅलीत दिलेल्या सरासरी वेगाने, ठरलेल्या वेळेलाच पोचायचं असतं. ताशी ३६ किमीची सरासरी दिली असेल, तर गाडीने सेकंदाला बरोबर १० मीटर अंतर कापायचं असतं. ट्रिपमीटर, म्हणजे कापलेलं अंतर अचूक मोजणारं यंत्र, एक टक्का चुकला तर १० किमीनंतर तो १०० मीटरने चुकलेला असतो. मग नेव्हिगेटरने (शेजारी बसून वाट आणि वेळ सांगणाऱ्या साथीदाराने) गणित कितीही चोख केलं तरी गाडी कंट्रोलवर, म्हणजे वेळ नोंदवण्याच्या जागी, १० सेकंद आधी किंवा उशिरा पोचते. नवी जोडी हरली की दोष बहुधा नेव्हिगेटरच्या माथी मारला जातो. चाकाजवळ ढिला झालेला नट मात्र कुणी तपासत नाही.

राष्ट्रीय मालिकेतली 'रॅली ऑफ महाराष्ट्र' नाशिकच्या परिसरात धावली आहे, त्यामुळे या खेळाकडे वळणारी तरुण मंडळी इथे कायम भेटतात. त्यातले बरेचजण आधी महागडा डिस्प्ले घेतात आणि मग उरलेल्या वेळात, उरलेल्या वायरने तो कसाबसा जोडतात. हा क्रम उलटा हवा. अचूकपणा येतो तो चाकाजवळ सेन्सर धरणाऱ्या छोट्या पट्टीतून आणि नीट केलेल्या अर्थिंगमधून. डिस्प्ले फक्त सेन्सरकडून आलेले पल्स (विजेचे ठोके) मोजून दाखवतो. या लेखात म्हणूनच सेन्सर, वायरिंग आणि कॅलिब्रेशनला जास्त जागा दिली आहे.

कामाला हात घालण्याआधी स्पर्धेचे नियम वाचा. काही गटांत ट्रिपमीटर चालतो, काहींत गाडीच्या मूळ ओडोमीटरवरच भागवावं लागतं. गट ठरल्याशिवाय खरेदी करू नका.

सिग्नल कुठून घ्यायचा

अंतर मोजण्याच्या चार वाटा आहेत. पहिली, गाडीच्या ओबीडी सॉकेटमधून (गॅरेजवाले तपासणीचं यंत्र जोडतात ते) वेग घ्यायचा. काम सोपं आहे, पण त्यातून येणारा वेग पूर्ण किलोमीटरमध्ये येतो, दशांश नसतो. अशा वेगावरून काढलेलं अंतर हळूहळू सरकत जातं. दुसरी वाट एबीएस सेन्सरच्या वायरला टॅप मारण्याची. ती धरूच नका. आजच्या बहुतेक गाड्यांतले एबीएस सेन्सर प्रवाह ७ आणि १४ मिलिअँपिअर असा बदलून सिग्नल देतात. मध्ये काहीही जोडलं की ते माप बिघडतं, दिवा लागतो आणि सप्तशृंगी गडावरून नांदुरीच्या घाटातून उतरताना एबीएस बंद पडलेलं असतं.

तिसरी वाट जीपीएसची. १० हर्ट्झचा रिसीव्हर मोकळ्या रस्त्यावर चांगलं काम देतो, पण घाटातल्या तीव्र वळणांवर तो वळणाचा कोपरा कापतो, कड्याखाली सिग्नल उसळून येतो आणि गाडी उभी असताना आकडा रेंगाळत पुढे सरकतो. जोडीला असावा, एकट्यावर भिस्त नको.

उरली चौथी : चाकावर स्वतंत्र सेन्सर. ब्रँट्झ, टेराट्रिप, मॉनिट असे नावाजलेले मीटर याच तत्त्वावर चालतात. पुढचं सगळं याच पद्धतीबद्दल आहे.

सामान

सेन्सर म्हणून एम-१२ (१२ मिमी) आट्यांचा, तीन वायरींचा इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर, म्हणजे धातू जवळ आला की सिग्नल देणारा, घ्या. तो १० ते ३० व्होल्ट डीसीवर चालणारा असावा. सातपूर आणि अंबड एमआयडीसीतल्या कारखान्यांत हेच सेन्सर मशिनवर बसतात, त्यामुळे नाशिकमध्ये मिळायला अडचण येत नाही आणि रॅलीच्या आदल्या संध्याकाळी सुटा मिळण्याची शक्यताही बरी असते. मीटरसोबत कंपनीचा सेन्सर आला असेल तर तोच वापरा, पण एक जादा जवळ ठेवा.

मीटरच्या माहितीपुस्तिकेत एनपीएन की पीएनपी (आउटपुटचे दोन प्रकार) हे बघून मगच सेन्सर घ्या. एनपीएन सेन्सरचं आउटपुट फक्त अर्थला ओढतं. मीटरच्या आत पुल-अप रेझिस्टर नसेल तर सिग्नल वायर आणि पॉझिटिव्ह यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर लावावा लागतो, नाहीतर मीटर शून्यावरच बसून राहतो. मीटरचं इनपुट ५ व्होल्टचंच असेल तर हा पुल-अप मीटरच्या ५ व्होल्टवरून घ्या, १२ वरून नको.

त्याखेरीज लागेल ते : शील्ड असलेली तीन कोअरची केबल ५ मीटर, पॉवरसाठी १ चौरस मिमीची ऑटो वायर लाल आणि काळी प्रत्येकी ४ मीटर, वॉटरप्रूफ तीन पिनी कनेक्टरची एक जोडी, ब्लेड फ्यूज होल्डर आणि ३ अँपिअरचे चार-पाच फ्यूज, एक टॉगल स्विच, रिंग लग, हीट श्रिंक स्लीव्ह, कन्ड्यूट पाइप, रबरी ग्रॉमेट, केबल टाय, नायलॉक नट आणि दातेरी वॉशर. हत्यारांत चांगला क्रिंपर, फीलर गेज आणि मल्टीमीटर. क्रिंपरऐवजी पक्कड चालवू नका. पक्कडीने दाबलेला लग बाकावर पक्का वाटतो, पण मुरमाच्या रस्त्यावर तासाभरात सैल होतो.

कोणतं चाक

तत्त्व असं की सेन्सर न ओढणाऱ्या चाकावर बसवावा, कारण ओढणारं चाक घसरलं की मीटर न कापलेलं अंतरही मोजतो. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक पुढच्या चाकांवर चालतात, म्हणजे सेन्सर मागे हवा. पण मागे ड्रम ब्रेक असतो, त्याची बॅकप्लेट स्थिर असते आणि फिरणारा भाग तिच्याआड लपलेला असतो. तिथे सेन्सरला बघायला काही सापडत नाही, मग ड्रमवर चुंबक चिकटवणं आलं. साधं निओडायमिअम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या वर शक्ती गमवू लागतं आणि घाटातून उतरताना ड्रम त्याहून खूप तापतो.

नवख्यांना आमचा सल्ला : डांबरी रस्त्यावरच्या टीएसडीसाठी पुढचं डावं चाक घ्या. सरासरी वेग कमी असतो, चाक फारसं घसरत नाही, आणि नेव्हिगेटर डावीकडेच बसत असल्याने केबलही आखूड राहते. कच्च्या रस्त्यावर स्पर्धात्मक स्टेज (पूर्ण वेगाने धावायचे टप्पे) करायच्या असतील तर मागच्या चाकाची मेहनत घ्यावीच लागेल. मागे डिस्क असलेली गाडी असेल तर प्रश्न बराच सुटतो.

सेन्सर बसवणं

गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, चाक काढा. हब फ्लँजच्या (चाक ज्यावर बसतं त्या चकतीच्या) मागच्या बाजूने बघितलं की चाकाच्या स्टडची (नट ज्यांवर आवळतात त्या बोल्टची) डोकी दिसतात. चार स्टड असतील तर चाकाच्या एका फेऱ्यात चार पल्स मिळतात आणि ही डोकी लोखंडी, समान अंतरावर, कधीही गळून न पडणारी असतात. याहून चांगलं लक्ष्य बाहेरून बसवता येत नाही. काही गाड्यांत नकलच्या (हब धरणाऱ्या, न फिरणाऱ्या भागाच्या) बनावटीमुळे तिथवर सेन्सर पोचत नाही. तेव्हा ड्राइव्ह शाफ्टवर क्लॅम्प बसवून त्यावर लोखंडी बोल्टची डोकी आणता येतात. डिफरन्शियलच्या पुढे असल्याने शाफ्टही चाकाइतकाच फिरतो, आणि गिअरबॉक्सकडच्या टोकाला उष्णता व चिखल दोन्ही कमी. क्लॅम्प मात्र वजनाने समतोल हवा, म्हणजे बोल्ट समोरासमोर.

सेन्सर धरायला ३ मिमी जाडीच्या लोखंडी पट्टीची एल आकाराची क्लिप करून घ्या. ती नकलवर आधीच असलेल्या बोल्टखाली, उदाहरणार्थ डस्ट शील्डच्या, बसवावी. ब्रेक कॅलिपरच्या बोल्टखाली पट्टी घालू नका. त्याचा टॉर्क आणि बसण्याची जागा दोन्ही बिघडतात, आणि तो बोल्ट सुटला तर प्रश्न वेळेचा उरत नाही. पट्टी लांब असेल तर ती थरथरते, थरथरली की गॅप बदलते. लांबी ६०-७० मिमीच्या आत ठेवता आली तर उत्तम. जास्त लागत असेल तर कडेला घडी पाडून ती ताठ करा.

आता गॅप, म्हणजे सेन्सरचं तोंड आणि स्टडचं डोकं यांतली फट. एम-१२ आकाराच्या फ्लश सेन्सरचं (तोंड धातूत सपाट बसवता येतं असा) नोंदलेलं अंतर साधारण २ मिमी असतं, नॉन-फ्लशचं (तोंड बाहेर काढून बसवायचा) ४ मिमी. भरवशाचं अंतर याच्या ८१ टक्केच धरायचं असतं. शिवाय हे माप साध्या लोखंडासाठी आहे. लक्ष्य स्टेनलेस स्टीलचं असेल तर अंतर जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतं, अॅल्युमिनिअम असेल तर निम्म्याहून कमी उरतं. म्हणून स्टेनलेसचे चकचकीत बोल्ट इथे नकोत. फ्लश सेन्सरला फीलर गेजने १ ते १.२ मिमी गॅप ठेवा. नॉन-फ्लशला २ ते २.५ मिमी ठेवता येते, आणि दगड-मुरमाच्या वाटेवर हा मोकळेपणा कामी येतो. मात्र नॉन-फ्लशच्या तोंडाभोवती पट्टीचं लोखंड नको, नाहीतर तो स्वतःच्याच क्लिपला लक्ष्य समजून कायम चालू राहतो.

दोन्ही बाजूंचे नट आवळल्यावर गॅप चारही स्टडवर मोजा. फरक दिसला तर हब बेअरिंगला खेळ आहे का बघा. वळणावर बेअरिंग जरासं कलतं आणि मोठ्या गॅपवर नेमके तेव्हाच पल्स चुकतात. डाव्या वळणात मीटर बरोबर आणि उजव्यात कमी, असं दिसलं तर कारण बहुधा हेच.

सेन्सर डिस्कपासून जितका दूर तितका बरा. या सेन्सरची मर्यादा सहसा ७० अंश सेल्सिअस असते. मध्ये पातळ अॅल्युमिनिअमच्या पत्र्याचा आडोसा घातला तर उष्णता बरीच अडते.

केबल

सेन्सरपासून केबल ब्रेक होजच्या वाटेने वर न्या. होजने सस्पेन्शन आणि स्टिअरिंगची हालचाल आधीच पचवलेली असते, तोच मार्ग केबलला मानवतो. पण केबल होजला आवळून बांधू नका, स्ट्रटवरच्या ब्रॅकेटला सैल टाय द्या. चाक हवेत लटकत असताना स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, मग गाडी खाली घेऊन पुढचा भाग दाबून पुन्हा फिरवा. केबल कुठेही ताणली जाता कामा नये, टायरला घासता कामा नये. कनेक्टर चाकाच्या खोबणीत न ठेवता इंजिन बेमध्ये वर ठेवा. इगतपुरी-घोटीच्या पावसात खालचा कनेक्टर कितीही वॉटरप्रूफ असला तरी पाणी वाट काढतं.

केबिनमध्ये शिरण्यासाठी फायरवॉलवरचं जुनं ग्रॉमेट वापरा. नवं भोक पाडलं तर कडा घासून, रंग लावून ग्रॉमेट घाला. भोकात जाण्याआधी केबलला खाली एक झोका द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी गळून पडेल आणि केबिनमध्ये येणार नाही. इग्निशन कॉइल आणि अल्टरनेटरपासून केबल किमान १५ सेंमी दूर राहू द्या. ओलांडणं भागच असेल तर काटकोनात ओलांडा. केबलचं शील्ड फक्त मीटरच्या बाजूला अर्थ करा. दोन्ही टोकांना केलं तर शील्डमधूनच प्रवाह वाहू लागतो आणि ज्या गोंगाटापासून वाचायचं होतं तोच आत येतो.

पॉवर आणि अर्थ

सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून पॉवर घेऊ नका. तो प्लग खड्ड्यात क्षणभर सुटतो आणि तेवढ्यात मीटर रीसेट होतो. लाल वायर थेट बॅटरीवरून आणा आणि बॅटरीपासून १५ सेंमीच्या आत ३ अँपिअरचा फ्यूज घाला. फ्यूज वायरचं रक्षण करतो, म्हणून तो उगमाशी हवा. डॅशबोर्डखाली लावलेला फ्यूज मधल्या तीन मीटर वायरला वाचवू शकत नाही.

त्यानंतर टॉगल स्विच. इग्निशनवरून पॉवर घेतली तर गाडी बंद पडून पुन्हा स्टार्ट करताना मीटर झोपतो. स्वतंत्र स्विचवर तो जागा राहतो. स्टेज रॅलीच्या गाडीत मात्र मुख्य कट-ऑफ स्विच बंद केला की गाडीतली सगळी वीज तुटली पाहिजे, मीटरचीसुद्धा. तिथे लाल वायर कट-ऑफच्या पलीकडून, म्हणजे बॅटरी नसलेल्या बाजूने, घ्या.

काळी वायरही शक्यतो बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्या. बॉडीवर अर्थ घ्यायचाच असेल तर रंग पूर्ण खरवडा, दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा आणि वर ग्रीस लावा. सेन्सरची निळी वायर आणि मीटरची काळी वायर एकाच बिंदूवर जोडा. दोन वेगळ्या ठिकाणी अर्थ घेतला तर हेडलाइट आणि रेडिएटर फॅन चालू होताच त्या दोन बिंदूंत व्होल्टेजचा फरक पडतो, आणि मीटरला तो फरक पल्स वाटतो. तपासायला सोपं आहे : इंजिन चालू, हेडलाइट, फॅन आणि वायपर चालू, मल्टीमीटर डीसीवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं मीटरच्या काळ्या वायरवर. ०.१ व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थ पुन्हा करा.

सेन्सरच्या वायरींचे रंग ठरलेले आहेत : तपकिरी पॉझिटिव्ह, निळी निगेटिव्ह, काळी सिग्नल. गाडीच्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे अर्थ अशी सवय असलेला वायरमन इथे हमखास चुकतो, म्हणून प्रत्येक टोकाला चिठ्ठी चिकटवून मगच जोडा.

जोडणी झाल्यावर चाक हाताने फिरवा. सेन्सरच्या पाठीवर छोटा दिवा असतो. दहा फेऱ्यांत तो बरोबर ४० वेळा लुकलुकला पाहिजे. ४१ किंवा ३९ आले तर गाडी रस्त्यावर काढू नका. जास्त आले तर गॅप घट्ट आहे आणि सेन्सर हबच्या उंचवट्यालाही मोजतोय. कमी आले तर गॅप मोठी आहे. वेगाची काळजी करायचं कारण नाही : ताशी १२० किमीला चाक सेकंदाला सुमारे १९ वेळा फिरतं, म्हणजे सुमारे ७५ पल्स, आणि हे सेन्सर शेकडो पल्स सहज पेलतात.

डिस्प्ले नेव्हिगेटरच्या समोर, हात न ताणता बटण दाबता येईल असा बसवा. डॅशबोर्डवरच्या एअरबॅगच्या झाकणावर किंवा त्याच्या उघडण्याच्या वाटेत काहीही बसवायचं नाही. यात तडजोड नाही.

कॅलिब्रेशन

आधी कागदावर अंदाज काढा. टायर १७५/६५ आर १४ असेल तर व्यास ५८३ मिमी, परीघ १.८३ मीटर. वजनाने टायर दबतो, म्हणून प्रत्यक्षात एका फेऱ्यात सुमारे १.७८ मीटर. एका किलोमीटरला ५६२ फेरे, गुणिले ४, म्हणजे साधारण २२४७ पल्स. हा आकडा मीटरमध्ये घाला. एक पल्स सुमारे ४५ सेंटिमीटरची झाली, टीएसडीला पुरेशी.

मग रस्त्यावर. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवर विसंबू नका. रस्ता रुंद झाला, वळण सरळ झालं, बायपास निघाला, तरी दगड जुन्याच जागी राहतात. अशा दोन दगडांत हजार मीटर असतीलच असं नाही. रॅलीत खरं अंतर आयोजकांचं. रोडबुक (वळणं आणि अंतरं सांगणारी मार्गपुस्तिका) त्यांच्या गाडीने मोजलेलं असतं आणि सुरुवातीला कॅलिब्रेशनसाठी एक पट्टा दिलेला असतो. तुमचा मीटर त्या अंतराशी जुळवायचा, मग जगातल्या कुठल्याही दुसऱ्या मापाशी तो जुळो वा न जुळो.

समजा १० किमीच्या पट्ट्यावर मीटरने ९.८५ दाखवलं. २२४७ ला ९.८५ ने गुणा, १० ने भागा : २२१३. हा नवा आकडा. काही मीटर किलोमीटरला पल्स न मागता एका पल्सचं अंतर मागतात. तिथे गुणाकार उलटा होतो, पुस्तिका बघा. पट्टा निदान ५ किमीचा असावा. एक किलोमीटरवर १० मीटर चुकलात तर एक टक्का चूक, तीच ५ किमीवर ०.२ टक्के. सुरुवातीची आणि शेवटची खूण गाडीच्या एकाच भागाशी जुळवा, समोरच्या दाराच्या कडेशी म्हणा. लेन बदलू नका, वळणावर कडा कापू नका.

हे सगळं रॅलीला घालायच्या त्याच टायरवर, त्याच हवेवर, दोघं गाडीत बसून आणि टाकी साधारण तितकीच भरून करा. टायरची नक्षी ८ मिमीवरून २ मिमीवर आली की परीघ दोन टक्के घटतो. टायरमधल्या हवेचा दाब तापमानाच्या दर साडेपाच-सहा अंशांमागे सुमारे १ पीएसआय बदलते, आणि निफाडची डिसेंबरमधली पहाट कुणाला सांगायला नको. पहाटे थंड टायरवर जुळवलेला मीटर दुपारी थोडं कमी अंतर दाखवू लागतो. म्हणून आधी १५-२० किमी गाडी चालवून टायर गरम करा, मग जुळवणी. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाड बाजूला सकाळीच क्रेट भरलेले ट्रॅक्टर सुरू होतात, तेव्हा त्याआधीची वेळ साधा.

घड्याळ

वेळ जीपीएस उपकरणावरून घेत असाल तर एक लक्षात ठेवा. उपग्रहाचं जीपीएस घड्याळ जागतिक प्रमाणवेळेपेक्षा २०१७ पासून १८ सेकंद पुढे आहे. रिसीव्हर हा फरक स्वतः वजा करतो, पण नुकतंच चालू केलेलं स्वस्त उपकरण ती माहिती येईपर्यंत चुकीची वेळ दाखवू शकतं. पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात. उपकरण पार्किंगमध्येच चालू करून ठेवा, आणि मग आयोजकांच्या अधिकृत घड्याळाशी सेकंद जुळवा. ते घड्याळ चुकीचं असलं तरी रॅलीपुरतं तेच बरोबर.

बिघाड कसा ओळखायचा

गाडी उभी, इंजिनचे आरपीएम वाढवले की आकडा वाढतो : इग्निशनचा गोंगाट. शील्ड आणि केबलची वाट तपासा. गाडी उभी, हॉर्न दाबला की आकडा वाढतो : अर्थ. स्टार्टर मारताना मीटर रीसेट होतो : बॅटरी अशक्त किंवा पॉवरची जोडणी सैल, स्टार्टरच्या वेळी मीटरपाशी किती व्होल्ट उरतात ते मोजा. पाणी ओलांडल्यावर मीटर थांबतो आणि तासाभराने आपोआप सुरू होतो : कनेक्टरमध्ये पाणी. ब्रेक खूप वापरल्यावर थांबतो आणि गार झाल्यावर चालतो : सेन्सर तापतोय. आकडा एकसारखा पण ठरावीक टक्क्यांनी चुकतो : वायरिंग ठीक आहे, कॅलिब्रेशन किंवा टायर बघा. चूक एकसारखी की मधूनच, हा पहिला प्रश्न. त्याच्या उत्तरावरून निम्मं काम वाचतं.

ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी

कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर उतरणार असाल तर वेळ मोजतो तो ट्रान्सपॉन्डर. रस्त्यात पुरलेल्या वायरच्या लूपवरून गाडी गेली की त्याचा सिग्नल लूप पकडतो. तो गाडीत जितका खाली बसवता येईल तितका बसवा, तोंड जमिनीकडे, आणि खाली धातू किंवा कार्बन फायबर नको. फायबरग्लासमधून सिग्नल जातो. लाल वायर पॉझिटिव्ह, काळी निगेटिव्ह, पॉवर मुख्य कट-ऑफच्या पलीकडून आणि स्वतंत्र छोट्या फ्यूजवरून. एक्झॉस्टपासून दूर, दोन स्क्रूने पक्का. पहिल्या सरावाच्या फेरीनंतर टायमिंग रूमच्या यादीत तुमच्या गाडीचा क्रमांक आला आहे का, हे स्वतः जाऊन बघा, आणि आला नसेल तर पात्रता फेरी सुरू होण्याआधी फ्यूज आणि बसवण्याची दिशा तपासा.